प्रोसेसरांची यादी आणि सुरक्षिततेची कसोटी

मायक्रोसॉफ्टने २४ जून २०२१ रोजी विंडोज ११ ही नवी ऑपरेटिंग सिस्टीम जाहीर केली आणि त्याच वर्षी ५ ऑक्टोबरपासून ती लोकांच्या हाती दिली. तेव्हापासून तिच्या हार्डवेअरविषयक अटींवर जो वाद चालू आहे, त्यात दोन निराळ्या प्रश्नांची गल्लत झाली आहे. संगणकाच्या सुरक्षिततेचा पाया हार्डवेअरमध्ये असावा काय, हा पहिला प्रश्न. आणि त्या पायाची कसोटी म्हणून कंपनीने प्रोसेसरांची जी यादी लावली ती कसोटीला उतरते काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर होकारार्थी असल्यामुळे दुसऱ्याचेही तसेच असणार, असे कंपनीचे समर्थक धरून चालतात, तर यादी सदोष असल्यामुळे सुरक्षिततेचा मुद्दाच बनावट आहे, असे तिचे कित्येक टीकाकार म्हणतात. हे दोन्ही पक्ष चुकीचे आहेत. सुरक्षिततेचा हेतू खरा आहे, परंतु यादी त्या हेतूतून निघालेली नाही. आणि ज्या अटीचे कारण यंत्राच्या कामातून दाखवता येत नाही, त्या अटीपायी चालता संगणक असुरक्षित सोडण्याचा अधिकार निर्मात्याला असू नये, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

अटींचे स्वरूप प्रथम पाहिले पाहिजे. किमान १ गिगाहर्ट्‌झ वेगाचा, दोन कोअरचा ६४-बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण या अटी सौम्य आहेत. वाद आहे तो पुढच्या अटींचा. संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारे फर्मवेअर जुन्या बायोसऐवजी यूईएफआय पद्धतीचे असावे, सही तपासल्याखेरीज कोणताही बूट लोडर चालू न देणारी सिक्युअर बूट ही सोय त्यात असावी, टीपीएम २.० असावे, आणि प्रोसेसर कंपनीच्या मान्य यादीत असावा, म्हणजे ढोबळमानाने इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा एएमडीच्या रायझन २००० मालिकेचा अथवा त्यानंतरचा असावा.

यांपैकी टीपीएमचे काम नीट समजून घेण्याजोगे आहे. गुप्त किल्ल्या सांभाळणारा हा एक स्वतंत्र सुरक्षा-घटक असून तो कधी मदरबोर्डावरील वेगळ्या चिपच्या रूपात, तर कधी प्रोसेसरच्याच फर्मवेअरमध्ये असतो. संगणक सुरू होताना फर्मवेअर, मग बूट लोडर, अशा प्रत्येक टप्प्यावरील कोडचा गणिती ठसा त्याच्या नोंदकोशांत उमटवला जातो. विंडोजमधील बिटलॉकर या सोयीने डिस्क कूटबद्ध केलेली असली, तर हे ठसे पूर्वीच्या ठशांशी जुळल्याशिवाय टीपीएम डिस्कची किल्ली बाहेर देत नाही. त्यामुळे चोरलेल्या लॅपटॉपमधील डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली, तरी चोराच्या हाती निरर्थक अंकांपलीकडे काही लागत नाही. ज्या लॅपटॉपमध्ये पतसंस्थेच्या ठेवीदारांची किंवा रुग्णालयातील रुग्णांची माहिती आहे, त्याच्या दृष्टीने हे संरक्षण अत्यंत मोलाचे आहे.

पूर्वपक्ष याच्याही पुढे जातो, आणि तो त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे. आजचे हल्लेखोर थेट कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात शिरू पाहतात, आणि कर्नलच ताब्यात गेल्यावर त्याच्या आत बसलेला कोणताही पहारेकरी निरुपयोगी ठरतो. यावर उपाय म्हणून मेमरी इंटेग्रिटी ही योजना आली. तीत कर्नलमध्ये चालणाऱ्या कोडची तपासणी कर्नलच्याही आवाक्याबाहेर असलेल्या एका आभासी कप्प्यात होते. ही तपासणी वेगाने व्हावी यासाठी प्रोसेसरमध्येच एक खास सोय लागते. ती नसेल तर तिची नक्कल सॉफ्टवेअरने करावी लागते आणि यंत्र मंदावते. जुन्या प्रोसेसरांना या पंक्तीत घेतले, तर एक तर सुरक्षितता सोडावी लागेल किंवा वेग, असा हा युक्तिवाद आहे. तो तत्त्वतः निर्दोष आहे.

दोष आहे तो त्याच्या उपयोजनात. हे वेगवान साहाय्य इंटेलच्या सातव्या पिढीपासून, म्हणजे केबी लेकपासून, आणि एएमडीच्या झेन २ या रचनेपासून मिळते, असे मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे तांत्रिक दस्तऐवज सांगतात. मग यादीची रेषा तेथेच पडावयास हवी होती. प्रत्यक्षात सातवी पिढी जवळजवळ सगळी वगळली गेली, आणि एएमडीची रायझन २००० मालिका, जी झेन २ च्या आधीच्या रचनेवर बांधलेली असल्यामुळे जिच्यात ही सोय नाही, ती मात्र मान्य झाली. लक्ष्यातील काही वस्तूंना लक्षण लागू पडत नसेल तर ती अव्याप्ती, आणि लक्ष्याबाहेरील वस्तूंनाही ते लागू पडत असेल तर ती अतिव्याप्ती, असे आपले नैयायिक सांगत आले आहेत. या यादीत दोन्ही दोष एकाच वेळी आहेत. यांपैकी एक दोष असता तर तो व्यवहारातील तडजोड म्हणून क्षम्य मानता आला असता. दोन्ही असल्यावर यादी या हेतूतून निघाली, हे म्हणणेच टिकत नाही.

टीपीएमच्या आधारेही सातव्या पिढीला बाहेर ठेवता येत नाही. विंडोज १० घालून विकल्या जाणाऱ्या नव्या संगणकांत टीपीएम २.० असलेच पाहिजे, असा नियम मायक्रोसॉफ्टनेच २८ जुलै २०१६ पासून उत्पादकांना लागू केला होता, आणि सातव्या पिढीचे लॅपटॉप बाजारात आले ते त्यानंतर. म्हणजे कंपनीच्या सांगण्यावरून जो सुरक्षा-घटक त्यांत बसवला गेला, तो असूनही पाच वर्षांनी ते संगणक अपात्र ठरले.

एक यंत्र जवळून पाहिले म्हणजे ही विसंगती स्पष्ट होते. जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या इंटेल कोअर आय७-७७००के या प्रोसेसरला चार कोअर आहेत आणि त्याचा मूळ वेग ४.२ गिगाहर्ट्‌झ आहे. योग्य मदरबोर्डावर त्याला फर्मवेअरमधील टीपीएम २.० मिळते आणि मेमरी इंटेग्रिटीसाठी लागणारी सोय त्याच्या अंगातच आहे. तरी तो अपात्र. उलट सेलेरॉन एन४०२० हा दोन कोअरचा, १.१ गिगाहर्ट्‌झ मूळ वेगाचा स्वस्त प्रोसेसर ४ जीबी रॅमसह पात्र ठरतो. असा लॅपटॉप घेणाऱ्या विद्यार्थ्याला ब्राउझरची चार-सहा पाने उघडताच ताटकळावे लागते. सारांश, जेथे अट वाढवण्याची खरी गरज होती त्या रॅमच्या बाबतीत कंपनी ढिली राहिली आणि जेथे गरज सिद्ध झाली नव्हती तेथे कठोर झाली.

स्थिरतेचा मुद्दाही पुढे केला गेला. चाचणीच्या काळात अपात्र संगणकांत कर्नल कोसळण्याचे प्रमाण ५२ टक्क्यांनी अधिक आढळले आणि पात्र संगणकांचा अनुभव ९९.८ टक्के निर्विघ्न होता, असे कंपनीने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितले. हे दोन्ही आकडे एकाच मोजणीचे मानले, तर ०.२ टक्क्यांत ५२ टक्के वाढ म्हणजे सुमारे ०.३ टक्के, अर्थात अपात्र संगणकही ९९.७ टक्के निर्विघ्न चालले. शिवाय अपात्र या एकाच गटात दहा-बारा वर्षांची जीर्ण यंत्रे आणि चार वर्षांची धडधाकट यंत्रे एकत्र मोजली गेली असतील, तर त्या सरासरीवरून सातव्या पिढीविषयी काहीच सिद्ध होत नाही. त्याच वेळी सातव्या पिढीतील आय७-७८२०एचक्यू या प्रोसेसरला मान्यता मिळाली, तीही आधुनिक पद्धतीचे ड्रायव्हर घेऊन आलेल्या निवडक संगणकांपुरती, आणि त्यांत मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा सरफेस स्टुडिओ २ होता. कारण जर ड्रायव्हरचे असेल, तर अटही ड्रायव्हरचीच असावयास हवी.

जुने यंत्र कधीतरी मागे पडणारच, हा आक्षेप खरा असला तरी अपुरा आहे. लिनक्सच्या कर्नलनेही १९८५ सालच्या ३८६ प्रोसेसरचा आधार २०१२ अखेरीस काढून टाकला, परंतु त्या प्रोसेसरसाठी ठेवावा लागणारा जादा कोड इतर कामांत कसा अडथळा ठरतो, हे उघडपणे मांडून. विंडोज ११ मध्येही अशा न्याय्य निवृत्तीचे उदाहरण आहे. २०२४ च्या २४एच२ या आवृत्तीला पॉपकाउंट ही प्रोसेसर-आज्ञा लागते. ती नसलेल्या यंत्रावर ती आवृत्ती सुरूच होत नाही. ही अट कार्यावश्यक आहे आणि तिच्याविरुद्ध तक्रारीला जागा नाही. यादीची अट धोरणात्मक आहे, आणि धोरणाला युक्तिवादाचा आधार द्यावा लागतो. अटी कमी सांगणे म्हणजे ग्राहकहित, असेही समजण्याचे कारण नाही. विंडोज व्हिस्टाच्या वेळी २००६ मध्ये दुबळ्या संगणकांवर तिच्यासाठी सक्षम असल्याचे स्टिकर लावले गेले आणि प्रकरण अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेले.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या सुरक्षा-दुरुस्त्यांची योजना दिली गेली: ३० डॉलर भरून, किंवा आपली सेटिंग्ज कंपनीच्या खात्यात जमा करून. संस्थांसाठी पहिल्या वर्षी दर संगणकामागे ६१ डॉलर, आणि पुढे दरवर्षी दुप्पट. ही योजना असल्यामुळे तक्रारीला जागा उरत नाही, असे समर्थक म्हणतात. परंतु दुरुस्त्या तयार करणे शक्य आहे, हेच तर या योजनेने सिद्ध होते. यंत्रसामग्रीत बसवण्यासाठी काढलेल्या विंडोज १० च्या दीर्घ मुदतीच्या २०२१ सालच्या आवृत्तीला कंपनी जानेवारी २०३२ पर्यंत दुरुस्त्या देणार आहे, आणि विंडोज ११ च्या तशाच २०२४ सालच्या आवृत्तीत टीपीएम ऐच्छिक आहे. कारखान्यातील यंत्राला जे देता येते ते घरातील किंवा शाळेतील संगणकाला नाकारण्याचे तांत्रिक कारण उरत नाही.

म्हणून मंडनपक्ष असा. अट प्रोसेसरच्या नावाची नसावी, गुणाची असावी, आणि तो गुण आहे की नाही हे संगणकावरच तपासावे. कार्यावश्यक गुण नसेल तर प्रवेश नाकारणे योग्यच आहे. पण केवळ एखादे संरक्षण मंद चालत असेल किंवा मिळत नसेल, तर ते वापरणाऱ्याला स्पष्ट सांगून निर्णय त्याच्यावर सोपवावा. यावर कोणी म्हणेल की प्रत्येक जुन्या जुळणीची चाचणी घेणे कंपनीला परवडणार नाही. परंतु येथे सर्वत्र सुरळीत चालण्याची हमी मागितलेली नाही. वाट अडवू नये आणि सुरक्षा-दुरुस्त्या थांबवू नयेत, एवढीच मागणी आहे. आज अपात्र संगणकावर विंडोज ११ कसेबसे घातले, तरी पुढील दुरुस्त्या मिळतीलच अशी खात्री कंपनी देत नाही. दुरुस्ती न मिळालेला संगणक केवळ त्याच्या मालकाला धोक्यात घालत नाही. त्यावर ताबा मिळवून इतरांवर हल्ले होतात, आणि म्हणून सुरक्षिततेच्याच नावाने ही वाट मोकळी राहिली पाहिजे.

महाराष्ट्रातील शाळा, सार्वजनिक ग्रंथालये आणि पतसंस्था यांच्या जडवस्तू नोंदवहीत असे अनेक संगणक आहेत, आणि त्यांच्या निर्लेखनाचे ठराव आता सभांपुढे येतील. ठराव करण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. जुळवणी करून घेतलेल्या संगणकांत टीपीएम अनेकदा असूनही बंद ठेवलेले असते, ते फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये पाहावे. शैक्षणिक संस्थांसाठी दुरुस्त्यांचा पहिल्या वर्षाचा दर दर संगणकामागे एक डॉलर ठेवलेला आहे, तो आपल्याला लागू होतो का ते विचारावे. आणि केवळ टंकलेखन, ग्रंथसूची व इंटरनेट एवढेच काम असेल, तर सी-डॅकने विकसित केलेली, भारतीय भाषांचा आधार असलेली बॉस लिनक्स त्या यंत्रावर एकदा चालवून पाहावी.