घरट्यांची हजेरी

कोकण किनाऱ्यावरच्या आपल्या मोहल्ल्यांत पक्षी पाहणे म्हणजे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचा छंद, असे समजले जाते. गळ्यात दुर्बीण अडकवून शनिवारी यायचे, रविवारी परत जायचे. पण घरट्यांवर हंगामभर लक्ष ठेवणे पाहुण्यांना जमणारे नाही. ते शेजाऱ्यांचेच काम आहे.

समुद्री गरुडाचेच पाहा. पोट पांढरे, पाठ राखाडी, खाणे मासे आणि समुद्रसाप. किनाऱ्याजवळच्या उंच झाडावर तो काटक्यांचे भलेमोठे घरटे बांधतो आणि डागडुजी करून तेच वर्षानुवर्षे वापरतो. म्हणून असे झाड तुटले की त्या जोडीचे कायमचे घर जाते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हा पक्षी आहे. पण झाड बऱ्याचदा कुणाच्या तरी वाडीत असते. मालकाला लाकूड विकायचे असते किंवा रस्ता रुंद व्हायचा असतो. घरट्याची नोंदच नसेल तर वन खात्यापुढे ठेवणार काय? नोंद नाही, म्हणजे घरटे नव्हतेच!

हे काम आपल्याला परके नाही. सालिम अलींचे नाव सर्वांना ठाऊक आहे. हुमायून अब्दुलअली मात्र फारसे कुणाला आठवत नाहीत. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर जाऊन तिथल्या सुरय आणि पाकोळ्यांविषयी त्यांनी १९४०च्या दशकात लिहून ठेवले. ते लिहिले म्हणूनच आज तुलना करता येते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे कार्यकर्तेही समुद्री गरुडांच्या पाहणीसाठी फिरत होते, तेव्हा २००२ साली त्यांना वेळासच्या किनाऱ्यावर कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. त्यातून तिथले कासव संरक्षण उभे राहिले.

काही जण म्हणतील, समाजापुढे शिक्षणाचे, रोजगाराचे प्रश्न असताना पक्षी कसले मोजता? पण गरुड टिकतो तिथे खाडी, मासे आणि जुनी झाडे टिकलेली असतात, आणि आपल्या दालदी मच्छीमारांचे पोट त्यावरच आहे. शिवाय उद्या किनाऱ्याविषयी निर्णय होतील, तेव्हा ज्याच्या हातात नोंदवही आहे त्याचे म्हणणे डावलणे कठीण जाईल.

खर्च जवळजवळ नाहीच. एक वही आणि मिळाली तर एक दुर्बीण. पंधरा दिवसांतून एकदा तारीख, झाड, पक्षी बसला आहे का, पिल्लू दिसते का, एवढेच लिहायचे. पथ्ये मात्र कडक हवीत. लांबूनच पाहायचे, झाडावर चढायचे नाही, ड्रोन उडवायचा नाही, घरट्याचा पत्ता व्हॉट्सॲपवर टाकायचा नाही. पक्षी घाबरून उठला की अंडी उन्हात उघडी पडतात आणि कावळे टपलेलेच असतात.

किनाऱ्यावरच्या प्रत्येक उर्दू आणि मराठी शाळेने आठवी-नववीच्या मुलांकडे अशी एक वही सोपवावी. वर्गाच्या हजेरीत आपण गैरहजर मुलाचीही नोंद करतो. तसे घरटे रिकामे दिसले तर तेही लिहायचे. सलग चार-पाच वर्षांच्या अशा वह्या जमल्या, तर गावाकडे स्वतःचा पुरावा असेल.