बांदीची अंगठी आणि असीरगडचा शिलालेख

गेल्या महिन्यात जळगावात भरलेल्या एका नेतृत्वविकास शिबिराचे, निवृत्त माणसाला सवड असते आणि मानधनाची अपेक्षा नसते या दुहेरी सोयीमुळे असेल, मला बोलावणे आले, आणि ज्याच्यापासून नेतृत्व शिकावे असा एखादा आदर्श सांगा, अशी फर्माईश झाली असता, थोर पुरुषाचे चरित्र उघडण्याऐवजी मी ‘मुघल-ए-आझम’ या चित्रपटाचे नाव घेतले, तेव्हा पुढच्या रांगेतले एक परिचित केळी-बागायतदार न राहवून म्हणाले, “आप्पा, पिच्चरमा कसानं नेतृत्व?” सभागृह हसले, मीही हसलो, पण प्रश्न रास्त होता, आणि वाट्याला आलेल्या अर्ध्या तासात त्याचे धड उत्तर मला देता आले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझी या चित्रपटावरची भक्ती निर्दोष आहे, असा माझा दावा नाही. शाळकरी वयात वडिलांचे बोट धरून तो प्रथम पाहिला, पुढे किती वेळा पाहिला याचा हिशेब सुटला, आणि २००४ साली तो संपूर्ण रंगीत होऊन आला तेव्हा, मुळातच रंगांत चित्रित झालेला शीशमहाल सोडला तर बाकीचे रंग उसन्या अलंकारांसारखे वाटत असूनही, पुन्हा जाऊन बसलो. अनारकलीचा मागमूस अकबरनाम्यात नाही, तिची कथा घरोघर पोहोचवण्याचे श्रेय इम्तियाज अली ताज यांच्या नाटकाकडे जाते, आणि चित्रपटात पितापुत्रांची फौज ज्या रणांगणावर भिडते तसे रणांगण इतिहासात नाही, हे सारे मी जाणतो. तरीही एक गोष्ट मला प्रत्येक वेळी थबकवते, ती ही की, हिंदुस्थानातल्या सर्वांत गाजलेल्या या प्रेमकथेच्या माथ्यावर प्रेमिकांपैकी कोणाचेच नाव नाही. तिथे नाव आहे त्यांच्या वाटेत उभ्या राहिलेल्या बापाचे.

आणि हे नाव सार्थ आहे, कारण या कथेचा खरा विषय, माझ्या अल्पमतीप्रमाणे, प्रेमाहूनही दिलेला शब्द हा आहे. पुत्रजन्माची वार्ता आणणाऱ्या बांदीला बादशहा आपल्या बोटातली अंगठी काढून देतो आणि आयुष्यात केव्हाही काही मागितलेस तर ते मिळेल असे वचन देतो, तेव्हा तो आनंदाच्या भरात उधळलेला एक उद्गार असतो. परंतु त्याच बांदीची मुलगी पुढे अनारकली म्हणून तख्तासमोर उभी राहते, आणि मृत्यूच्या उंबरठ्यावर एका रात्रीपुरते मलिका होण्याची इच्छा प्रकट करते, तीही स्वतःच्या हौसेसाठी नव्हे, तर शहजाद्याने तिला मलिका करण्याचे जे वचन दिले होते ते खोटे पडू नये म्हणून. ज्या मुलीला बादशहाने पदलोभी ठरवले, तिला त्याच्या मुलाच्या शब्दाची काळजी त्या मुलाच्या बापापेक्षा अधिक असते. शेवटी म्हातारी बांदी ती जुनी अंगठी पुढे करते. तिच्यापाशी सैन्य नाही, सनद नाही, साक्षीदार नाही, आणि बादशहाने मान फिरवली असती तर कोणत्याही दरबारात त्याला जाब विचारला गेला नसता. तरी तो वचन पाळतो, अनारकलीला भुयारातून गुपचूप सोडून देतो, आणि तिला भिंतीत चिणल्याचा कलंक, पोटच्या मुलाच्या द्वेषासकट, हयातभर माथी घेतो. बलवंताला दिलेला शब्द धाकाने पाळला जातो. ज्याला वसुलीचे काहीच साधन नाही त्याला दिलेला शब्द, गाजावाजा न करता, प्रसंगी अपकीर्ती पत्करून जो पाळतो, तो नेता.

माझे वडील तालुका कचेरीत अव्वल कारकून होते, आणि अंगठीचा प्रसंग आला की थिएटरातल्या लाकडी खुर्चीत पुढे सरकून बसत. एका मयत कोतवालाच्या विधवेचे निर्वाहाचे प्रकरण आपल्या दप्तरात अडकले असताना, ‘मी मार्गी लावतो, बाई’ एवढे ते बोलून गेले होते. मग त्यांची बदली शहाद्याला झाली, आणि वास्तविक जबाबदारी सरली, तरी वर्षभरात तीन वेळा रजा टाकून, एसटीच्या मागच्या बाकावर धक्के खात, ते त्या जुन्या कचेरीत आले आणि प्रकरण मंजूर करवून गेले. घरात आम्हांला याची वार्ता नव्हती. वडिलांच्या दहाव्याला एक अनोळखी म्हातारी कळण्याच्या पिठाची पिशवी घेऊन आली, तेव्हा तिच्या तोंडून ती कळली.

नेतृत्वाची दुसरी गोष्ट पडद्यामागची. के. आसिफ यांनी हा चित्रपट चाळिशीच्या दशकात आरंभला, तेव्हा अकबर होते चंद्रमोहन आणि अनारकली नर्गिस. फाळणीनंतर भांडवल पुरवणारे शिराज अली हकीम पाकिस्तानात गेले, १९४९ मध्ये चंद्रमोहन वारले, आणि बेत मोडला. तो आसिफांनी शापूरजी पालनजी यांच्या पाठबळावर पुन्हा उभा केला. पृथ्वीराज, दिलीपकुमार, मधुबाला आले, जोधाबाईच्या भूमिकेत आपल्या दुर्गाबाई खोटे आल्या, आणि ५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबईच्या मराठा मंदिरात तो एकदाचा झळकला. बडे गुलाम अली खाँसाहेबांनी टाळण्याच्या उद्देशाने एका गाण्याचे २५,००० रुपये मागितले आणि आसिफांनी तत्क्षणी होकार भरला, ही नौशाद यांनी सांगितलेली आठवण सर्वश्रुत आहे. परंतु भक्ताने आंधळे होऊ नये: हृदयविकार जडलेल्या मधुबालेच्या अंगावर कारागृहाच्या दृश्यांत खरोखरीच्या वजनदार साखळ्या चढवल्या होत्या, हेही त्याच ध्यासाचे फळ होते, आणि नेत्याच्या स्वप्नाचा भार बहुधा दुसऱ्याच कोणाच्या तरी खांद्यावर पडतो, हे शिबिरांत शिकवत नाहीत.

आता खानदेशी माणसाची खास तक्रार. भुसावळहून सावदा, रावेर करीत, केळीच्या बागा मागे टाकीत बऱ्हाणपूर गाठले की पुढे सातपुड्याच्या कड्यावर असीरगड दिसतो. तो फारुकी सुलतानांचा, म्हणजे आमच्याच राज्यकर्त्यांचा, अखेरचा आधार. १६०० साली खरा अकबर जातीने तिथे वेढा घालून बसला होता, आणि विलक्षण योगायोग असा की, नेमक्या त्याच वेळी तिकडे अलाहाबादेत सलीमने बंडाचा झेंडा उभारला. जानेवारी १६०१ मध्ये गड पडला, आणि शहजादा दानियालच्या नावावरून खानदेशाचे ‘दानदेश’ झाले. गड पडला कसा, याविषयी दोन पाठ आहेत: मोगली वृत्तांत किल्ल्यातल्या रोगराईकडे बोट दाखवतात, जेझुइट पाद्र्यांचा वृत्तांत सांगतो की, परत जाऊ देण्याच्या शपथेवर बहादूरशहा फारुकीला बादशहाने भेटीस बोलावले, आणि परत जाऊ दिले नाही. इतिहासकारांत याबद्दल मतभेद आहेत, आणि निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. पण दुसरा पाठ खरा असेल, तर चित्रपटातल्या अकबराने एका बांदीला जे दिले, ते खऱ्या अकबराने खानदेशच्या सुलतानाला दिले नाही, असे म्हणावे लागेल.

हे सारे आज उगाळण्याचे कारण आजचेच आहे. मनमाड–इंदूर रेल्वेचे आश्वासन धुळ्याच्या कितीतरी निवडणुकांनी ऐकले; एका पिढीने दिलेला शब्द दुसरीने नव्याने द्यावा आणि तिसरीने त्यावर टाळ्या वाजवाव्यात, असे चालत चालत अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी आली, तेव्हा श्रेयाचे फलक असे झपाट्याने लागले, की जणू शब्द पाळण्यापेक्षा तो आपण पाळल्याचे जाहीर होणे अधिक निकडीचे होते. मतदारापाशी अंगठी असते, ती वर्षानुवर्षे तो जपूनही ठेवतो. पण ती दाखवायला दरबारात शिरण्याची मुभा त्याला पाच वर्षांतून एकदाच मिळते.

तेव्हा बागायतदार मित्रांना माझे उत्तर इतकेच, की नेतृत्व शिकायला मी चित्रपटाकडे जातो, कारण तिथे जे दिसते ते इतर कोणत्याही दप्तरात सापडत नाही. असीरगडच्या कातळावर अकबराच्या विजयाचा फारसी लेख आहे. मागे एकदा त्याच्यापुढे बराच वेळ उभा राहिलो. अक्षरे सुबक आहेत, चार शतकांचे ऊनपाऊस सोसूनही बरीचशी शाबूत आहेत. बहादूरशहाला शपथ दिली होती की नाही, हे मात्र तो सांगत नाही.