वेगाचा आकडा आणि वेगाची नोंद

गोकुळ रोडवरील आपल्या घरांत ब्रॉडबँड ही आता चैन राहिलेली नाही. मंडळाच्या कार्यक्रमानंतर चार मंडळी चहाला थांबली, की पाऊसपाण्याच्या जोडीला इंटरनेटच्या वेगाचा विषय निघतोच. एक म्हणतो, "आमच्याकडे शंभर येतो." दुसरा म्हणतो, "आमच्याकडे जेमतेम तीस." मग कंपनीच्या नावाने बोटे मोडली जातात. या चर्चेत, वैद्यकीय व्यावसायिक म्हणून, मला एक गोष्ट नेहमी खटकते. आकडा सर्वजण सांगतात; तो कसा घेतला हे मात्र कोणीच सांगत नाही.

रक्तदाबाच्या बाबतीत आपण असे कधी करू काय? जिना चढून आलेल्या रुग्णाला विश्रांती न देता, अपुऱ्या मापाचा कफ बांधून घेतलेल्या एका आकड्यावर कायमची गोळी कोणी लिहून देणार नाही. पाच मिनिटे विश्रांती, योग्य कफ, दोन-तीन वेळा मोजणी आणि शंका असल्यास काही दिवसांची घरची नोंद, हा आपला शिरस्ता. वेगाच्या मोजणीलाही हाच शिरस्ता लावावा, असे माझे मत आहे.

हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली आणि दूरस्थ सल्ल्याला आपल्या देशात रीतसर चौकट मिळाली. रात्री-अपरात्री घरूनच सीटी स्कॅन पाहण्याची वेळही आपल्यापैकी अनेकांवर येते. ५१२ बाय ५१२ बिंदूंची, दर बिंदूस दोन बाइट घेणारी एक प्रतिमा सुमारे अर्ध्या मेगाबाइटची असते. अशा तीनशे प्रतिमा म्हणजे दीडशे मेगाबाइट. कंपनी वेग सांगते तो मात्र मेगाबिटमध्ये, आणि एका बाइटचे आठ बिट होतात. म्हणजे हे ओझे १,२०० मेगाबिटचे झाले. १०० एमबीपीएसच्या वेगाने ते बारा सेकंदांत उतरेल, १० एमबीपीएसने दोन मिनिटांत. २ एमबीपीएसने दहा मिनिटे लागतील, आणि जानेवारी २०२३ पासून सरकारी व्याख्येनुसार २ एमबीपीएसलाही ब्रॉडबँडच म्हणतात! डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या बाबतीत दहा मिनिटांचे मोल आपणांस सांगावयास नको.

मोजणी करताना पहिला प्रश्न असा, की आपण नेमके काय मोजत आहोत? दोन खोल्या पलीकडे बसून मोबाइलवर घेतलेला आकडा हा बहुतांशी वायफायचा आणि मधल्या भिंतींचा असतो. म्हणून लॅपटॉप लॅनच्या वायरने थेट राउटरला जोडावा आणि घरातील टीव्ही, मोबाइल तेवढ्यापुरते नेटवरून बाजूला काढावेत. राउटरचा किंवा लॅपटॉपचा पोर्ट जुना, १०० एमबीपीएसचा असेल, तर २०० चा प्लॅन घेऊनही आकडा पंचाण्णवच्या आसपासच अडकतो. तो दोष कंपनीचा नव्हे.

दुसरा प्रश्न वेळेचा. पहाटेचा वेग हा उपाशीपोटी घेतलेल्या साखरेसारखा. तो चांगला आला म्हणून निश्चिंत होऊ नये. खरी परीक्षा संध्याकाळी सात ते अकराच्या दरम्यान, सारी वसाहत एकाच वेळी नेटवर असते तेव्हा. अमेरिकेत तेथील दूरसंचार आयोगाने २०११ पासून स्वयंसेवकांच्या घरी राउटरजवळ लहान यंत्रे बसवून मोजणी केली. घरातील कोणी नेट वापरत नसतानाच ही यंत्रे मोजत आणि संध्याकाळच्या गर्दीचा हिशेब वेगळा मांडला जाई. पद्धत आपल्या परिचयाचीच आहे.

तिसरा प्रश्न अंतराचा. वेग तपासणाऱ्या सेवा बहुधा जवळचा सर्व्हर निवडतात. कधी तो आपल्याच कंपनीच्या जाळ्यातला असतो. त्यामुळे घरापासून कंपनीपर्यंतचा रस्ता कळतो, पुढचा नाही. ट्रायच्या २००६ च्या नियमावलीत घेतलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून अधिक वेग मिळावा असा दंडक होता. पण तोही कंपनीच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंतच. २०२४ च्या नव्या नियमावलीने ती जुनी झाली, तरी त्यातला धडा जुना होत नाही. एक मोजणी जवळच्या सर्व्हरवर आणि एक बंगळूर-मुंबईसारख्या दूरच्या सर्व्हरवर करावी. डाउनलोडबरोबर अपलोड आणि प्रतिसादाचा विलंबही टिपावा. व्हिडिओवर रुग्णाशी बोलताना आवाज तुटतो तो पुष्कळदा या दोहोंमुळे.

अशी नोंद सात दिवस, दिवसातून तीन वेळा, एका वहीत तारीखवार ठेवावी. त्यातला सर्वोत्तम आकडा मिरवू नये. मधला आणि सर्वांत खालचा पाहावा. मात्र ३०० एमबीपीएसच्या जोडणीवर दहा सेकंदांची एक चाचणी पावणेचारशे मेगाबाइटपर्यंत डेटा खाते, हे मर्यादित प्लॅन असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. "नेट हळू चालते" या तक्रारीला "राउटर बंद करून चालू करा" हेच उत्तर मिळते. सात दिवसांच्या नोंदीला ते उत्तर पुरत नाही. उलट वायरवर वेग पूर्ण मिळत असेल, तर दोष आपल्या घरातला आहे हे उघड होते आणि दारी आलेल्या लाइनमनवर उगाच राग निघत नाही. नोंद दोन्ही पक्षांना न्याय देते.

माझी सूचना अशी, की मंडळातील दहा-बारा कुटुंबांनी एकाच आठवड्यात, एकाच पद्धतीने ही नोंद करावी आणि ती एकत्र मांडावी. एका घराची तक्रार ही तक्रारच राहते; दहा घरांचे तक्ते एकाच वेळी एकच खोट दाखवू लागले, की तिला निदानाचे वजन येते. निदानाआधी तपासणी, हे आपण आयुष्यभर इतरांना सांगत आलो. आता आपल्या घरच्या वायरीलाही तेच लागू करावे.