टॉवरची धास्ती, उन्हाची बेफिकिरी

गावात मोबाईलचा टॉवर यायचा म्हटलं की ग्रामसभेत वाद ठरलेलाच. शंका विचारणं गैर नाही. पण सगळे किरण एका माळेचे मणी नव्हेत.

लासलगावच्या केंद्रात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून देतात ते गॅमा किरण जबर. म्हणून ते जाड भिंतींआडच वापरतात. कांदा मात्र त्याने किरणोत्सारी होत नाही. टॉवरच्या लहरी त्यामानाने फार दुबळ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ साली त्यांना 'कदाचित कर्करोगकारक' म्हटलं, म्हणजे पुरावा अपुरा. तरी खबरदारी म्हणून आपल्या देशात १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली आहे.

त्याच संस्थेने पक्क्या कर्करोगकारकांत कोणाला बसवलंय? उन्हाला! आपल्या सावळ्या कातडीला त्वचेच्या कर्करोगाचा धोका कमी, पण डोळ्यांना सूट नाही. वर्षानुवर्षं उन्हातले अतिनील किरण झेलले की मोतीबिंदूला हातभार लागतो. ट्रॉलीचं वेल्डिंग उघड्या डोळ्यांनी बघाल, तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, तेही याच किरणांमुळे.

तेव्हा खुरपणी सकाळी उरका. रुंद काठाची टोपी, अंगभर कपडे वापरा. वेल्डिंगला काळी काच हवीच. सरपंच, ग्रामसेवकांनी टॉवरची मोजणी जरूर मागावी. पण रोजगार हमीच्या कामावर सावलीही करावी. धास्ती घ्यायचीच, तर आधी डोक्यावरच्या उन्हाची घ्या.