पाच टनांची मर्यादा

रेल्वेमार्गाचा खर्च प्रामुख्याने रूळ, पूल आणि भराव यांवर होतो. रूळ किती जड असावेत, हे गाडीच्या एकूण वजनापेक्षा तिच्या एकेका आसावर येणाऱ्या भारावरून ठरते. या तत्त्वाला व्यवहारात उतरविणारा अभियंता म्हणजे एव्हरार्ड कॅलथ्रॉप, आणि त्याच्या हिशेबाची खरी कसोटी लागली ती बार्शीत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बार्शी ही कापूस व गळिताच्या धान्याची नामांकित पेठ होती. मात्र मुंबईहून रायचूरकडे जाणारा लोहमार्ग गावापासून सुमारे ३४ किलोमीटर दूर, कुर्डुवाडीवरून गेलेला होता. त्या स्थानकाचे नावच मुळी ‘बार्शी रोड’ असे होते. तेथपर्यंतचा प्रवास बैलगाडीचा. एवढ्याशा अंतरासाठी रुंद मार्ग टाकणे परवडणारे नव्हते.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरी केलेल्या कॅलथ्रॉपने १८९५ मध्ये लंडनला बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन केली. रुळांमधील अंतर अडीच फूट ठेवले आणि एक मर्यादा घालून घेतली : कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार नको. इंजिन असो वा भरलेली वाघीण, नियम सर्वांना एकच. त्यामुळे दर वाराला अवघ्या ३० पौंड वजनाचे हलके रूळ पुरेसे ठरले. किटसन कंपनीने बांधलेल्या वाफेच्या इंजिनाला एकमेकांना जोडलेली आठ चाके आणि मागे चार लहान चाके होती. वजन सहा आसांवर विभागल्याने बलवान इंजिनही हलक्या रुळांवर निर्धास्त धावू शके. १८९६ मध्ये इंग्लंडात लीड्सजवळ न्यूले येथे तात्पुरता मार्ग टाकून या गाड्यांच्या चाचण्या झाल्या, आणि १८९७ मध्ये बार्शीचा मार्ग खुला झाला.

पुढील विस्तार टप्प्याटप्प्याने झाला. १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला पोहोचली व वारकऱ्यांची सोय झाली. १९११ मध्ये लातूरची, तर १९२७ मध्ये मिरजेची पेठ जोडली गेली. एकूण लांबी सव्वातीनशे किलोमीटरच्या घरात गेली.

तथापि खतावणीला दुसरी बाजूही असते. कुर्डुवाडीला रुळांचे माप बदलत असल्याने प्रत्येक पोते, प्रत्येक गाठ एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावी लागे. हमाली, वेळ आणि तूट यांचा बोजा मालावर पडे. कॅलथ्रॉपला या दोषाची जाण होती. १९०४ मध्ये सुरू झालेल्या इंग्लंडातील लीक-मॅनिफोल्ड मार्गावर त्याने रुंद मापाची वाघीण जशीच्या तशी वाहून नेणाऱ्या खास वाघिणी वापरल्या. तो मार्ग मात्र १९३४ मध्ये बंद पडला. पुरेशी वाहतूक नसेल तर उत्तम यंत्ररचनाही तारू शकत नाही.

बार्शीच्या मार्गाला वाहतुकीची ददात नव्हती. १९५४ मध्ये तो सरकारने विकत घेतला. वाहतूक जशी वाढली तशी दुहेरी हमाली अधिकाधिक जाचू लागली, आणि २००७-०८ पर्यंत लातूर-कुर्डुवाडी मार्ग ब्रॉडगेज झाला.

अरुंद मार्गाची योजना म्हणून चुकली असे म्हणता येणार नाही. पेठ लहान असताना भांडवल बेताचे ठेवल्यामुळेच तिला रेल्वे मिळाली व ती वाढली. व्यवसायात मात्र आरंभीची बचत पुढे रोजचा खर्च होऊन बसली नाही ना, हे दर काही वर्षांनी हिशेब मांडून पाहावेच लागते.