डाऊनीचा फोटो आणि फोनची भाऊबंदकी

आज औषधाचं नाही, फोनचं लिहितोय. पण विषय शेवटी बागेचाच आहे.

गोडी छाटणी झालेल्या बागा कोवळ्या फुटीवर असतात आणि नेमका तेव्हाच पाऊस येतो. मग डाऊनी. पानावर वरून पिवळसर तेलकट डाग, पान उलटं केलं की खाली पांढरी बुरशी. सल्लागार साहेब एवढ्याच खुणांवर ठरवतात. आणि व्हॉट्सअॅप साधा फोटो पाठवताना दाबून बारीक करतं. खाली बुरशी आहे का फवारणीचा पांढरा डाग, काही कळत नाही. "जवळून काढा, परत पाठवा" यातच संध्याकाळ होते. घडावर डाऊनी असताना एक दिवस म्हणजे काय, हे द्राक्षवाल्याला सांगायला नको.

पोरं म्हणतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो बारीक होत नाही. बरोबर आहे. पण आयफोन 2017 पासून फोटो हेइक नावाच्या वेगळ्याच प्रकारात साठवतो. तसा फोटो फाईल म्हणून गेला, की जुन्या अँड्रॉईडवर बऱ्याचदा उघडतच नाही. ज्यांच्याकडं आयफोन आहे त्यांनी सेटिंग्जमध्ये कॅमेरा, तिथं फॉरमॅट्स, आणि "मोस्ट कम्पॅटिबल" करून ठेवा. फोटो जेपीजी निघतो, सगळीकडं उघडतो. नाहीतर व्हॉट्सअॅपमध्ये पाठवताना वर एचडी दाबा, 2023 पासून ती सोय आहे.

बटनाच्या फोनवाल्यांचं तर कुणी बघतच नाही. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये 160 अक्षरं बसतात, मराठीत फक्त 70. त्यात काना, वेलांटी वेगळी मोजतात. "फवारणी" आपल्याला चार अक्षरं, फोनला सहा! एक सल्ला दोन-तीन मेसेजचा होतो, आणि जुन्या फोनवर तर नुसते चौकोन दिसतात.

लोक म्हणतात शेतकऱ्याला फोन कळत नाही. मला हे अजिबात पटत नाही. बांध कंपन्यांनी घातलेत. आयफोनवरनं आयफोनला मेसेज गेला की सगळं झकास, तोच अँड्रॉईडला गेला की वर्षानुवर्षं साधा एसएमएस. दोघांना चालणारं आरसीएस अॅपलनं घेतलं ते थेट सप्टेंबर 2024 मध्ये. युरोपात डिजिटल मार्केट्स अॅक्ट आहे, मार्च 2024 पासून तिथं व्हॉट्सअॅपसारख्या मोठ्यांना दुसऱ्या अॅपसाठी दार उघडावं लागतंय. तिथं होतं तर आपल्याकडं का नको? इथं तर शेतीचा निम्मा कारभार व्हॉट्सअॅपवर चालतो.

तोवर कृषी सल्लागारांना एक विनंती. फोटो कसा पाठवायचा हे ग्रुपवर वरतीच पिन करून ठेवा: पानाची वरची बाजू, खालची बाजू, एचडीमध्ये. आणि ज्याच्याकडं बटनाचा फोन आहे त्याला मेसेज नको, सरळ फोन लावा.