दुकान बंद, भाडे चालू

२४ मार्च २०२० च्या रात्री चार तासांच्या मुदतीने टाळेबंदी जाहीर झाली. जुन्नर, मंचर, घोडेगावच्या पेठांत लग्नसराईचा व ईदचा भरलेला माल आम्हा कापडवाल्यांकडे पडून राहिला. दक्षिण कोरियाने तपासण्या वाढवून, देशभर टाळेबंदी न करता पहिली लाट आवरली. जर्मनीने पाच कामगारांपर्यंतच्या धंद्याला तीन महिन्यांसाठी ९,००० युरोपर्यंत अनुदान दिले. आपल्याकडे मे महिन्यात सरकारी हमीचे कर्ज आले, तेही आधीचे बँककर्ज असणाऱ्यालाच. फेरीवाल्याला १०,००० रुपये मिळाले, तेही कर्जच. सरकार दुकान बंद करते, तर भाड्याचा वाटाही त्याने उचलावा, असे आमचे म्हणणे आहे. आणि व्यापारी बांधवांनो, नोंदणी व हिशेबवही आजच नीट करा. उद्या मदत आली, तर ती कागद पाहूनच येईल.